हिरव्या दोन क्लिपा

भावजी, त्या दिवशी मी तुमच्या पायांशी भांडत होते. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, किती ते आता नक्की सांगता येत नाही. तुमचं डोकं किकवीच्या नर्सरीवाल्या मामांच्या गाडीत डॅशबोर्डखाली, पाठ गाडीच्या मॅटवर आणि गुडघ्यापासून पुढचे पाय दाराबाहेर. सहा वर्षं मी तुम्हाला असंच बघत आले. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "विलास कुठाय?" आणि मी शिलाई मशीनवरून मान न उचलता पायांकडे बोट करायची. मग तेही पायांशीच बोलायचं. तोंडात टेपचा तुकडा धरलेला असला की तुम्ही उत्तर द्यायचा नाही, नुसता उजव्या पायाचा अंगठा हलवायचा. एकदा हलवला की हो, दोनदा हलवला की थांबा. सगळ्या भोरला ठाऊक होतं.

त्या दिवशी तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. हेच माझ्या डोक्यातून जात नाही.

अजून पटत नाही. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी सकाळी शटर वर केलं की माझी नजर आधी खाली जाते. पाय कुठल्या दारात आहेत ते शोधायला. बेचाळिसाव्या वर्षी कुणी असं जातं का? आदल्याच दिवशी तुम्ही माझ्या सीट कव्हरवर हात फिरवून म्हणालात, "ही शिलाई वाकडी न्हाई वहिनी, ही वरंध्याच्या घाटाची वळणं हायती." मी कात्री उगारली. तुम्ही पळालात. असा पळणारा माणूस दुसऱ्या दिवशी नसतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

हे मी तुमच्या वहीत लिहितेय. तीच, जिच्यात तुम्ही एकेका गाडीचं चित्र काढून वायर कुठून आत शिरते, कुठं वळते, कुठं पत्रा धारदार आहे ते पेन्सिलीनं मांडून ठेवलंय. मागची पानं कोरी होती. माझं अक्षर बघून तुम्ही हसला असता. हसा.

लग्न होऊन मी हिर्डोशीत आले तेव्हा तुम्ही बारावी नापास होऊन ओट्यावर बसला होता, पुढ्यात घरातला रेडिओ उघडून. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुमच्या दादांनी, तुम्हाला सकाळपासून शिव्या घातल्या होत्या. मी नवी नवरी, मला काही कळेना, मी आपला चहा आणून ठेवला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "वहिनी, तेवढा पेचकस द्या." तिथून आपलं जमलं. पुढं तुम्ही भोरला गेलात, कुणाकुणाच्या हाताखाली गाड्यांचं वायरिंग शिकलात, मंगलशी लग्न केलंत, महाड रस्त्याला पत्र्याची शेड घेतलीत. आणि सहा वर्षांमागं एका जीपचं फाटलेलं सीट टेम्पोत घालून घरी आलात. मी तेव्हा गावातल्या बायकांची ब्लाउजं शिवायची. म्हणालात, "ब्लाउजाला अस्तर लावताय न्हवं? मग ह्याला लावायला काय जातंय? हे तर फिटिंगची तक्रार पण करणार न्हाई."

ते सीट मी शिवलं. महिन्याभरात माझी मशीन तुमच्या शेडमध्ये आली आणि मी रोज सकाळच्या एसटीनं भोर, संध्याकाळी सव्वापाचच्या एसटीनं हिर्डोशी अशी नोकरदार बाई झाले. ह्यांची कुरकुर होती. भात कोण लावणार, नाचणी कोण काढणार. तुम्ही दादांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, पण तेव्हा उघडलंत. "दादा, वहिनीचा हात बघा. तो हात नुसत्या भाकऱ्यांना ठेवायचा असंल तर तुमची मर्जी." एवढंच. ह्यांची कुरकुर तिथंच थांबली. मी आत चुलीपाशी होते, मला सगळं ऐकू आलं होतं, पण ते ऐकू आल्याचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

माझं काम वरचं, तुमचं आतलं. गिऱ्हाईक कॅमेरा नाहीतर मोबाईलचा चार्जर घेऊन यायचं, काचेवरून वायर लोंबत असायची, आणि म्हणायचं, चालतंय की, राहू द्या तशीच. तुम्हाला ते सहन व्हायचं नाही. "वायर म्हंजी नवराबायकूचं भांडण. असायचंच. पण पाहुण्याला दिसाय नको." मी मशीनवरून म्हणायची, "थांबा, मंगलला सांगते." मग तुमच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

पुढं मी वायरीतही शिरले. कव्हर चढवायला सीट निघालेलंच असायचं, मॅट उचललेली असायची, मग तुम्ही म्हणायचात, आता हात आत हायच तर एवढी वायर ओढा. तुमची पद्धत जगापेक्षा उलटी. बाकीचे काचेपासून खाली येतात, तुम्ही खालून वर जायचा. आधी बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. मग फ्यूज बॉक्सपासून सुरुवात. वायर कुठंही ताणलेली नको, शेवटी एक वीत जादा गुंडाळून ठेवायची, पुढं कुणाला उघडावं लागलं तर त्याचे हाल नकोत. आणि फ्यूज सगळ्यात शेवटी. तोवर तो शर्टाच्या खिशात.

खालचं काम झालं की ती एक वीत वायर गुंडाळून तुम्ही माझ्या मशीनवरचा लाल दोरा तिला बांधायचा. लाल दोरा म्हणजे इथून पुढं वहिनींचं काम. पिलर आणि छत माझं. बोटं बारीक म्हणून असं तुम्ही म्हणायचा, पण मला ठाऊक होतं, ते सगळ्यात नाजूक काम आहे आणि तुम्ही ते मला देत होता. पहिल्यांदा लाल दोरा दिसला तेव्हा मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हंजे पगार वाढला का?" मी म्हटलं, "तुमाला न्हाई कळायचं."

पिलर म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब. त्यात नव्या गाड्यांना एअरबॅग असते. तुम्ही तिला फुगा म्हणायचा. पहिल्याच दिवशी तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत. झाकणाच्या फटीत वायर बोटानं दाबून दिली तर दोन मिनिटांत काम होतं, पण ती फुग्याच्या पुढं राहते. अपघातात फुगा फुटून बाहेर येताना ती वायर आडवी येते. म्हणून पिलरचं झाकण पुरतं उतरवायचं, वायर फुग्याच्या मागून न्यायची, आणि झाकणाच्या क्लिपा एकदा काढल्या की त्या परत वापरायच्या नाहीत, नव्या लावायच्या. अर्धा तास जातो. "बाहेरून दोनी सारखंच दिसतंय वहिनी," तुम्ही म्हणालात. "गिऱ्हाइकाला कवाच कळत न्हाई. आपल्यालाच कळतंय."

आणि मग वेल्ह्याच्या मास्तरांची गाडी आली.

गेल्या श्रावणातली गोष्ट. तुम्ही खालचं काम आवरून, लाल दोरा बांधून, दोन नव्या क्लिपा माझ्या हातावर ठेवल्या. हिरव्या होत्या. त्या कंपनीच्या हिरव्याच असतात. "वहिनी, झाकण उतरवा, ह्या लावा," म्हणालात आणि सामान आणायला गेलात. पाचला दहा कमी होते. आता मी खरं लिहिणार आहे म्हणून लिहिते, घरी कुणी आजारी नव्हतं, कसला सण नव्हता, पाहुणे येणार नव्हते. फक्त एसटी. ती चुकली की वडापच्या जीपची वाट बघायची, नाहीतर ह्यांना फोन करून मोटरसायकल घेऊन बोलवायचं आणि धरणाच्या काठाकाठानं बोलणी खात जायचं. मी फटीत वायर बोटानं दाबली. हिरव्या क्लिपा माझ्या मशीनच्या दोऱ्याच्या खणात टाकल्या. पिशवी उचलली आणि एसटी गाठली. खिडकीची जागा मिळाली होती.

चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन आला की पिलरमध्ये काहीतरी टकटक वाजतंय. तुम्ही भजी अर्धी टाकून मोटरसायकल काढलीत. नसरापूरवरून वेल्ह्याला, तोरण्याच्या अंगानं पाऊस नुसता ओतत होता त्या दिवशी, आणि तिथं तहसील कचेरीसमोर त्या गाडीचं झाकण उतरवून वायर मागून घेऊन, संध्याकाळी चिंब होऊन परत आलात. मास्तरांना सांगून आलात, माझ्याच हातनं चुकलं. हे मला मास्तरांनीच पुढं फोनवर सांगितलं, विलास लई सरळ माणूस हाय म्हणून.

तुम्ही मला एवढंच म्हणालात, "वायर फुग्याच्या पुढनं गेल्ती."

मी म्हटलं, "त्या गाडीला फुगा हाय हे मला दिसलंच न्हाई. झाकण उतरवायचं असतंय हे ध्यानातच आलं न्हाई."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग साबणानं हात धुवायला गेलात, आणि बराच वेळ धूत राहिलात. मी दोऱ्याच्या खणात हात घातला, त्या क्लिपा काढून कुठंतरी फेकाव्या म्हणून. त्या तिथं नव्हत्या. झाडलोट करताना गेल्या असतील असं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्यानंतर लाल दोरा बंद झाला. रागावला नाहीत, टाकून बोलला नाहीत. चहा तसाच, चेष्टा तशीच. फक्त पिलर तुम्ही स्वतः करायला लागलात, आणि मी आठ महिने नुसती कव्हरं शिवली. मी तोंडानं किती टोमणे मारले असतील. मशीन इथून उचलते म्हणाले. किकवीला हायवेला दुकान टाकते म्हणाले. तुम्ही म्हणायचात, "टाका की, मी बोर्ड रंगवून देतो." अहो, एकदा तरी भांडायचं होतंत. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच दिवशी खरं बोलून मोकळी झाले असते. तुम्ही चांगले वागत राहिलात आणि माझं खोटं आत तसंच राहिलं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही छाती चोळत म्हणालात, "आंबट ढेकर येतायत." मी म्हटलं, "रोज भजी हाणा अजून." म्हणजे बघा. डॉक्टरकडं जा, असं माझ्या तोंडून आलं नाही. तुम्हाला ओढत नेलं असतं तर. मंगलला हे मी अजून सांगितलेलं नाही. तिला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते.

दुपारी चार वाजता मी चहा घेऊन गाडीपाशी आले. तुमचे पाय बाहेर. कप खाली ठेवला. आणि उघड्या दारात, डॅशबोर्डच्या कडेला जे तळहाताएवढं झाकण असतं, दार उघडल्याशिवाय दिसत नाही ते, त्यावर डावा हात टेकून उभी राहिले. माझ्या मनानं घेतलं होतं, आज बोलायचंच.

आधी भांडले. म्हटलं, आठ महिने झाले, शिक्षा तरी किती द्यायची माणसानं. मी काय आता म्हातारी होईस्तोवर अस्तरं शिवू? हातात वायर द्या, न्हाईतर सरळ सांगा तुमचं काम न्हाई म्हणून. तुमचे पाय गप्प. मग भांडण बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "भावजी, मला दिसला होता फुगा. पिलरवर एअरबॅग असं लिहिलेलं मी वाचलं होतं. तुमी हिरव्या क्लिपा हातात दिल्या होत्या, मी त्या खणात टाकल्या. एसटी चुकंल म्हणून. मी तुमच्याशी खोटं बोलले."

आणि मी वाट बघत उभी राहिले. समोरच्या पंक्चरवाल्याकडं कुणीतरी हवा भरत होतं. टेम्पो गेला एक. मला वाटलं, विचार करताहेत. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट सांगितली, लगेच कसं उत्तर देतील. मी आपली पदर असल्यासारखी ओढणी बोटाला गुंडाळत उभी. मग चहावर साय धरलेली दिसली. तुम्ही आयुष्यात कधी चहा निवू दिला नव्हता. मी अंगठ्याकडं बघितलं. तो हलत नव्हता.

मी तुमच्या पायाला हात लावला. बाकीचं मला नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. पंक्चरवाला धावत आला. आम्ही तुम्हाला ओढून काढलं, त्याच गाडीच्या मागच्या सीटवर घातलं, माझ्याच अर्ध्या चढवलेल्या कव्हरावर. त्यानं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. गाडी ढिम्म. तो माझ्या तोंडाकडं बघतोय आणि मी त्याच्या. मग माझ्या डोक्यात आलं, टर्मिनल. तुम्ही नेहमीसारखं बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं होतंत. मी बॉनेट उघडलं, पाना शोधायला वेळ नव्हता, हातानंच ते दाबून बसवलं. तुम्ही शिकवलं होतं म्हणून मला कुठं काय ते कळलं. आणि तुमच्याच शिस्तीनं आपली दोन मिनिटं गेली. त्या दोन मिनिटांनी काही झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, किती वेळ झाला असेल? म्हणाले, अर्धा तास असेल, तासही असेल, सांगता येत नाही.

म्हणजे तुम्ही ऐकलंत की नाही ऐकलंत, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. तेरा दिवस मी तेच एक घेऊन बसले होते. लोक म्हणायचे, वहिनी असून सख्ख्या बहिणीसारखी रडतीय. मी रडत होते ते खरंच. पण आत नुसतं चाललं होतं, चार वाजता होते का? चार वाजून पाच मिनिटांनी? "खोटं बोलले" म्हटलं तेव्हा होते का?

चौदाव्या दिवशी मंगल माझ्यापाशी येऊन बसली. दवाखान्यातून दिलेली तुमची पिशवी तिनं तेव्हा उघडली होती. कंगवा, किल्ल्या, आणि बोटाच्या पेराएवढी एक वस्तू. "जाऊबाई, ह्ये कशाचं हाय? टाकू का?"

मी म्हटलं, "टाकू नगं. तो फ्यूज हाय. मामांच्या गाडीचा."

"मग त्यांना द्यायला लागंल," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज घोगरा झाला होता. "दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं नको राहायला. त्यांना न्हाई आवडायचं."

गाडी तशीच शेडमध्ये उभी होती. दवाखान्यातून पंक्चरवाल्यानं परत आणून लावलेली. मामा भला माणूस, एकदाही गाडी मागितली नाही, उलट दहाव्याला आले आणि दारात लावा म्हणून चाफ्याचं रोप देऊन गेले. पण हायवेला रोज जाणारा माणूस, किती दिवस बसनं फिरणार. भोरातल्याच दुसऱ्या एका वायरमननं निरोप धाडला होता, पाठवा, मी पुरं करून देतो. आमचे हेही म्हणाले, "दे त्याला. तू त्या गाडीत हात नको घालू आता." ते माझ्या काळजीनंच बोलले. मी म्हटलं, फ्यूज माझ्याकडं हाय.

काल दुपारी मी शेड उघडली. पहिल्यांदा टर्मिनल काढलं. मग ड्रायव्हरचं दार उघडलं. मॅटवर तुमच्या डोक्याच्या जागी टेपचं रीळ पडलेलं. ते उचलून मी तिथंच खाली बसले, बराच वेळ. मग कॅमेऱ्याची वायर कुठवर आलीय ते बघायचं म्हणून डॅशबोर्डच्या कडेचं ते तळहाताएवढं झाकण नखानं उचकटलं.

आत वायर होती. एक वीत, नीट गुंडाळलेली. तिला माझ्या मशीनवरचा लाल दोरा बांधलेला. आणि त्याच गाठीत दोन हिरव्या क्लिपा.

मला आधी काही समजलंच नाही. मामांच्या गाडीला पांढऱ्या क्लिपा लागतात. त्या तुमच्या पेटीत वरच ठेवलेल्या होत्या, नव्या. हिरव्या ह्या गाडीला बसतच नाहीत. मग ह्या इथं कशा, आणि तुमच्यासारख्या माणसाकडून अशी चूक कशी, असं म्हणत मी त्या हातात घेऊन उजेडात धरल्या. एका क्लिपेवर माझ्या मशीनच्या तेलाचा डाग होता. दोऱ्याच्या खणात तेलाची बाटली सांडली होती ना, तो.

म्हणजे खणातून त्या तुम्ही काढल्या होत्या. वेल्ह्याला निघायच्या आधीच काढल्या असतील. साबणानं हात धूत राहिलात तेव्हा त्या तुमच्या खिशात होत्या. मी तोंड वर करून तुमच्याशी खोटं बोलत होते आणि तुम्हाला ठाऊक होतं. आठ महिने ठाऊक होतं. मी टोमणे मारत होते, मशीन उचलते म्हणत होते, तेव्हाही.

आणि भावजी, ते झाकण बसवलेलं होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा ते बसवलेलं होतं, त्यावरच मी हात टेकला होता. मी वायर द्या वायर द्या म्हणून भांडत होते तेव्हा लाल दोरा माझ्या तळहाताखाली होता. तुम्ही तो आधीच बांधून ठेवला होता. मी खरं बोलायच्या आधी.

मी हसले की रडले, मला सांगता येत नाही. पंक्चरवाला बघायला आला आणि बघून परत गेला. मला तुमचा भयंकर राग आला. एवढं मनात ठेवून माणूस रोज चहा पितो, कव्हराच्या शिलाईची चेष्टा करतो, आणि कबूल कर असं एकदाही म्हणत नाही? मी झाकण उघडल्यावर काय चेहरा करते ते तुम्हाला बघायचं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. डॅशबोर्डखालून तुम्ही हसत बाहेर आला असता. तेवढं तरी बघून जायचं होतंत हो. एक दहा मिनिटं.

तुम्ही ऐकलंत का, हे आता मी विचारणार नाही. तुम्हाला ऐकायची गरज नव्हती. पण मला सांगायची होती, म्हणून इथं पुन्हा लिहून ठेवते. मला दिसला होता फुगा. मी एसटीसाठी केलं. तुम्ही पावसात वेल्ह्याला गेलात ते माझ्या आळसापायी. आणि ह्यांच्यापुढं माझ्या हाताबद्दल जे बोलला होता, ते मी चुलीपाशी ऐकलं होतं.

मग मी उठले. पिलरचं रबर खाली ओढलं, झाकण उतरवलं, पुरतं. फुगा घडी घालून बसलेला दिसला. वायर त्याच्या मागून घेतली, दोनदा काढून पुन्हा घेतली, कापडी टेपनं बांधली. पांढऱ्या क्लिपा लावल्या. छताच्या कापडाच्या कडेनं आरशापर्यंत नेली. एक वीत जादा ठेवली. हिरव्या क्लिपा आणि लाल दोरा मी ओढणीच्या टोकाला बांधून घेतला.

राहिला होता फ्यूज. तो बसवायला मी तुमच्यासारखीच उताणी होऊन डॅशबोर्डखाली गेले, पाय दाराबाहेर, तोंडात टेपचा तुकडा. तेवढ्यात सव्वापाचची हिर्डोशी आली. आपल्या शेडसमोर तिचा वेग कमी होतो, मला घ्यायला. कंडक्टरनं दारातून हाक दिली, "ताई, येताय न्हवं?"

मी उत्तर दिलं नाही. मग त्याचा आवाज बदललेला मला कळला. "ताई? ओ ताई?"

मी उजव्या पायाचा अंगठा हलवला. दोनदा.

एसटी गेली. मी तुमच्या खिशातला फ्यूज बसवला.